घरी विचारायचा प्रश्न

९ जानेवारी, शुक्रवार

सुट्टीनंतरचं पहिलं पत्र गेलं. सातवीच्या सगळ्या पालकांना, दर शुक्रवारी, शाळा सुटायच्या आत. या आठवड्यात ह्युमॅनिटीजच्या तासाला काय झालं, पुढे काय होणार, चार-पाच फोटो, आणि शेवटी माझं नेहमीचं शेपूट : घरी विचारायचा प्रश्न.

इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र इथे, सिंगापूरच्या या शाळेत, एकाच पातेल्यात शिजतं. त्यामुळे आपलं पोर नक्की काय शिकतंय हे पालकांना उमगत नाही. पोराला विचारावं तर "नथिंग". म्हणून हा प्रश्न. जेवताना विचारा, परीक्षा घेऊ नका, असं दर वेळी बजावते.

नवा धडा : माणसं गाव का सोडतात. ढकलणारी कारणं, ओढणारी कारणं. प्रश्न : आपल्या घरातलं कोण, कुठून निघालं आणि का?

सांगलीहून, घरून, काही नाही. शेखरला सकाळी विचारलं, आमच्या ईराची शाळा कशी चाललीय. "सगळं ठीक." नवरा दातांचा डॉक्टर. लोकांना दिवसभर आ करायला सांगतो आणि स्वतः तोंड उघडायचं विसरतो.

११ जानेवारी, रविवार

व्हिडिओ कॉल. पडद्यावर ईराचं अर्धं कपाळ आणि पंखा. आठवड्याचा प्रश्न तिलाही विचारला. आपल्या घरातलं कोण निघालं?

"माहीत नाही. आई, मॅच चालू आहे, ठेवू?"

ठेव म्हटलं.

ती नऊ वर्षांची असताना मी आले. नोकरी मिळाली आणि मला यायचं होतं, म्हणून आले. कोणी ढकललं नाही. दोन वर्षांसाठी म्हणून आले होते, आता तिसरं चालू आहे. ती बारा वर्षांची झाली. माझ्या वर्गातल्या पोरी बाराच्या. त्यांच्या दातांच्या तारा, रुसवे, कोणाची कोणाशी कट्टी, सगळं मला तोंडपाठ. माझी बारा वर्षांची कशी हसते हे मात्र मला कपाळावरून ओळखायला लागतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. जुरोंग ईस्टच्या या भाड्याच्या फ्लॅटात तिळाची एकच वडी, घरमालकीणबाईंना दिली. त्यांनी ती आधी दाबून बघितली.

वर्गातल्या तन्वीच्या वडिलांची मेल आली. कदम. जहाजावर सेकंड इंजिनियर, घर मरीन परेडला, बायको बँकेत. माझं आडनाव बघून मराठीतच लिहिलंय, पण इंग्रजी अक्षरांत. वाचताना जीभ अडखळते.

"मॅडम, शुक्रवारचं पत्र मिळतं, पण जहाजावर फोटो उघडत नाहीत. नेट नुसतं रांगतं. फोटोत काय आहे ते दोन ओळींत लिहाल का? तन्वी असेल तर तेवढं तरी."

यात काय मोठंसं, लिहीन म्हणून कळवलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

मोठंसं होतं. सगळं पत्र लिहायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ त्या दोन ओळींना लागला. कारण त्यासाठी फोटो बघावा लागतो.

"तन्वी डावीकडून दुसरी. केस वर बांधलेत, एक बट सुटलीय. नकाशावर वाकलीय. बोट मलाक्काच्या सामुद्रधुनीवर, जीभ दातांत."

कदमांचं उत्तर संध्याकाळी : "जीभ दातांत. लहानपणी चित्र काढताना असंच करायची. थँक यू मॅडम."

मग वाटलं, ईराचा एखादा फोटो असा लिहून बघावा. फोनमध्ये शोधला. शेवटचा दिवाळीतला. आकाशकंदिलाखाली उभी आहे आणि कंदिलाचा उजेड इतका की चेहरा जळून गेलाय. फ्रॉक लिहिला. पुढे काही लिहिता येईना.

१८ जानेवारी, रविवार

ईराला कदमकाकांची गंमत सांगितली. शब्दांतले फोटो. हसली. मोठ्याने हसली, मागे काहीतरी पडलं. मग म्हणाली, "म्हणजे तू सगळ्यांच्या घरी दर आठवड्याला पत्र लिहितेस?"

हो म्हटलं. त्यावर म्हणाली, "मला दाखव ना एक."

पाठवलं लगेच. त्यातली मुलांची नावं आणि फोटो काढून टाकून, नाहीतर नसती आफत. वाचलं का ते काही बोलली नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

मिस लिमनी बोलावलं. त्या सातवी-आठवीच्या प्रमुख. ऑगस्टपासूनच्या वर्षासाठी शिक्षकांच्या मुलांच्या जागा ठरवतायत. "तुझी मुलगी अजून इंडियात ना? आठवीत एक जागा आहे. मार्चअखेर सांग, नंतर मी धरून ठेवू शकणार नाही लाह." लाह म्हणजे इथलं 'बरं का'.

थँक यू म्हणून बाहेर आले. जिन्यात दोन मिनिटं उभी राहिले. मग घरी येताना मॉलमध्ये शिरून सिंगल बेडची चादर घेतली. पिवळी, कडेला पाखरं. पलंग कुठाय? खोलीत माझा एक आहे आणि उरलेल्या जागेत कपडे वाळवायचा स्टँड. मनातले मांडे, दुसरं काय.

शेखरला फोन. तो म्हणाला, "चांगलं आहे. मी राहीन इथे. येत जाईन दोन-तीन महिन्यांनी. पण ते मी ठरवायचं नाही आणि तूही नाही. तिलाच विचार."

बरोबर आहे. पण इथेच तर घोडं पेंड खातं. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?

२५ जानेवारी, रविवार

विचारलं नाही. तिची गणिताची चाचणी आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

आज शेखरने ईराच्या शाळेच्या ग्रुपवरचे सगळे निरोप एकदम पुढे ढकलले. पंधरा दिवसांचा गठ्ठा. परीक्षेचं वेळापत्रक, जे संपलं. स्नेहसंमेलनाची सूचना, जे झालं. त्यात एक फोटो, खो-खोची आंतरशालेय टीम, पहिला नंबर. ईरा मधोमध. गुडघ्याला ही भली मोठी पट्टी.

शेखरला फोन केला. पट्टी कसली? "अगं पडली होती. टाके वगैरे नाहीत. सांगायचं राहिलं." पहिला नंबर? "हो ना. तेही राहिलं."

भांडले. पुष्कळ भांडले. मी इथे परक्यांच्या पोरींच्या बटा मोजून कळवते आणि मला माझ्या पोरीचा गुडघा दहा दिवसांनी दिसतो. तो ऐकून घेत होता, ते तर जास्तच लागतं. शेवटी म्हणाला, "ग्रुपवर प्रत्येक मुलामागे एकच नंबर ठेवतात. माझा काढून तुझा देतो. तूच सांभाळ."

मी दे म्हटलं. विचारसुद्धा केला नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

'सातवी ब पालक' मध्ये मी! वर्गशिक्षिका गोखलेबाईंनी नमस्काराचे हात टाकले. +६५ चा नंबर बघून एका आईने विचारलं, परदेशात असता का? हो म्हटलं. त्यावर बारा अंगठे.

पहिला निरोप : उद्या कार्यानुभवसाठी सुतळी, पुठ्ठा व फेव्हिकॉल आणणे.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभी होते. शेजारचा माणूस वळून बघेल इतकी हसले. शेखरला लगेच फोन : सुतळी आण. तो म्हणाला, "सांगली आता सिंगापूरहून चालते तर."

चालू दे. किती बरं वाटतंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र गेलं. कदमांसाठी तीन फोटो शब्दांत. आता मराठीतच लिहिते त्यांना, ते सोपं जातं. तन्वी वर्गात हात वर करते पण कोपरापर्यंतच, तेही लिहिलं. अवखळ वाऱ्याने तिची वही उडाली, तेही लिहिलं. पंखाच होता वरचा, पण असो.

सांगली : उद्या पी.टी.चे बूट. बुधवारी जंताच्या गोळ्या. रिक्षावाले काका गुरुवारी येणार नाहीत. सगळं शेखरला कळवलं, त्याने सगळं केलं. ईरा कॉलवर म्हणाली, "आई, तुला माझ्या आधी कळतं सगळं." खूश होऊन म्हणाली का वैतागून, ते कळलं नाही. मी खूश होऊन घेतलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

या आठवड्याचा प्रश्न : निघालेल्या माणसाने काय बरोबर नेलं आणि मागे काय ठेवलं?

वर्गात छान उत्तरं आली. एकीच्या पणजीने चीनहून येताना दगडी खल आणला होता. तो अजून वापरात आहे.

ईराला विचारलं. मला वाटलं, ठेवते म्हणेल. नाही म्हणाली.

"तू छोटा कुकर नेलास. निळी उशी नेलीस. आणि माझी गोष्टींची पुस्तकं दोन, वाचून परत देते म्हणून."

आणि मागे काय ठेवलं?

"आई, तू टीचरसारखं विचारतेस."

मग तिने गुडघा दाखवला. खपली पडलीय. खाली नवी कातडी, गुलाबी. मी इथून बोट लावलं काचेला. तिला दिसलं नसेल.

दोन्ही पुस्तकं उशाशीच आहेत. जागेचं आजही विचारलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ही आमच्या माहेरची जुनी सवय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चिनी नववर्षाची सुट्टी. खालची हॉकरमधली खाण्याची दुकानं बंद. लिफ्टमध्ये लाल कपड्यांतली सगळी खानदानं संत्री घेऊन एकमेकांकडे निघालेली. तन्वीच्या आईनेही संत्री पाठवली, जोडीने द्यायची असतात इथे. दोन्ही मीच खाल्ली.

मला ईरा हवी आहे. ग्रुपवर नको, शब्दांत नको. या खोलीत, त्या स्टँडवर तिचे ओले मोजे हवे आहेत. तिने दार आपटावं आणि मी ओरडावं. एवढंच लिहून ठेवते.

१ मार्च, रविवार

विचारणार होते. शेखर कॉलवर ईराशेजारी बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. ईराने दोघांकडे. "काय झालं?" म्हणाली. काही नाही म्हटलं.

६ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

पालकभेटीचा दिवस. दुपारपासून एकामागून एक घरं, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. फोन शिक्षकांनी बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवायचे असा नियम आहे, आणि चांगला आहे. समोर माणूस बसलेला असताना शिक्षकाने पडद्याकडे बघू नये.

तीनच्या सुमाराला कदम आले. करार संपवून मंगळवारीच उतरलेत. मला वाटलं होतं उंच असतील. बुटके, उन्हाने रापलेले, वर्गातल्या खुर्चीत कसेबसे मावले. शेजारी तन्वी. इथे मुलांनीच आपलं काम पालकांना दाखवायचं असतं, आम्ही मध्ये बोलायचं नाही. तन्वीने फाइल उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. कदमांनी विचारलं, हा मलाक्काचा नकाशा ना? जीभ दातांत धरून केलेला?

तन्वी म्हणाली, "पापा, यू नो ऑलरेडी वॉट." आणि फाइल मिटली.

तुम्हाला माहीतच आहे की. उद्धटपणे नाही म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं आता काय सांगायचं.

ती बाहेर मैत्रिणीकडे गेल्यावर कदम हसले. म्हणाले, "मॅडम, रागावू नका. तुमचं पत्र आलं की माझा आठवडा जायचा. तिथे इंजिनरूममध्ये पोरांना वाचून दाखवायचो. पण आता घरी आलोय तर तिच्याकडे सांगायला काही शिल्लकच नाही. ती सुरू करते आणि मी पुढचं बोलून टाकतो."

पुढचे पालक दारात उभे होते.

चारला ड्रॉवर उघडला. फोनवर निरोपांचा ढीग.

'सातवी ब पालक' : संस्थेच्या माजी अध्यक्षांचे निधन झाल्याने शाळा आज साडेअकरा वाजता सोडण्यात येत आहे. पालकांनी आपापल्या पाल्यास घेऊन जावे.

तिथले साडेअकरा म्हणजे इथले दोन. त्याखाली सगळ्या आया : ओके मॅडम. निघाले मॅडम. पोचले. आणि गोखलेबाईंचे मला व्हॉट्सॲपवरून कॉल, एक, दोन, मग लागोपाठ. ईराला न्यायला कोणी आलेले नाही. कृपया फोन उचला.

मी उठले, परत बसले. शेखरला लावला. ती त्याच्याकडे होती, दवाखान्यात, पाच मिनिटांपूर्वी पोचली होती. मैत्रिणीची आई घरी जाऊन, पोरीने सांगितल्यावर स्कूटरवरून परत आली आणि तिला दवाखान्यात सोडून गेली. तोपर्यंत ती गेटवर, वॉचमनपाशी. रिक्षावाले काका पाचला येणार, त्यांना कोण सांगणार. बाईंकडे आता फक्त माझा नंबर, शेखरचा ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये, आणि ऑफिस बंद, क्लार्क अंत्ययात्रेला. बाई थोडा वेळ थांबल्या, मग त्यांनाही जावं लागलं.

"तिने मला का नाही फोन केला, माहितीये?" शेखर म्हणाला. "वॉचमनकडे फोन होता. तिला माझा नंबरच पाठ नाही म्हणे. तुझा पाठ आहे. पासष्ट लावून."

वॉचमनच्या फोनवरून परदेशात लागत नाही.

ईराला दे म्हटलं. तिने घेतला नाही.

शुक्रवारचं पत्र आज गेलं नाही.

७ मार्च, शनिवार

शेखरने गोखलेबाईंना भेटून नंबर बदलून घेतला. मला ग्रुपमधून काढल्याची ओळ आली. तो चिडला नाही, त्याने फक्त सांगितलं : "तुला कळायला हवं होतं हे मला समजतं. पण कळलेलं इथे पोचायला पाहिजे ना."

खरं आहे. मला बातमी हवी होती आणि ती मी माझ्याजवळ ठेवून घेतली. तुआसकडे जाणाऱ्या मेट्रोच्या गाड्या खालून एकामागून एक जातायत, त्या बघत बसले. भाजी करपली.

८ मार्च, रविवार

कॉलवर ईरा आली नाही. अंघोळ करतेय म्हणाला. शेखरला खोटं बोलता येत नाही, मागे तिचा आवाज येत होता.

१३ मार्च, शुक्रवार

या वेळचं पत्र छोटं केलं. धडा कुठवर आला, काय आणायचं, संपलं. फोटो नाहीत. खाली एक ओळ : वर्गात मंगळवारी एक मोठा वाद झाला. कशावरून, ते तुमच्या मुलाला सांगू द्या.

मिस लिमनी विचारलं, बरी आहेस ना? पत्र एवढंसं का? एका पालकांची तक्रारही आली, की फी भरूनही माहिती पुरेशी मिळत नाही. आणि कदमांचा निरोप, रात्रीच्या जेवणानंतर : "तासभर बोलली. वाद कोण जिंकलं ते अजून कळलं नाही, कारण दोन्ही बाजू तीच मांडत होती."

ते वाचून हसले. या आठवड्यात पहिल्यांदाच.

मी ईराला काही लिहिलं नाही. सॉरी शेखरकरवी पाठवलं होतं, परवा. ते पोचलं का हे त्याला विचारवत नाही.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. इथल्या भारतीय वस्तीतल्या टेक्काच्या बाजारातून कडुलिंब आणला, वाटीभर चटणी केली, एकटीने तोंड वाकडं केलं. गुढी खिडकीबाहेर काढायची सोय नाही. आत, कपड्याच्या स्टँडला बांधली. काठीला गुंडाळायला नवं कापड पाहिजे, ती पिवळी चादर घडीतच होती. तीच घातली. पाखरं उलटी आली.

फोटो पाठवला. शेखरच्या फोनवरून उत्तर आलं : "चादर कोणाची?" ही भाषा शेखरची नाही, तो चादरीकडे बघणार नाही.

"तुझ्यासाठी घेतली होती," असं लिहिलं.

पुढे काही आलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

पत्र पाठवून घरी आले तर मला पत्र. शेखरच्या मेलवरून, विषय : 'सातवी ब, या आठवड्यात'. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

"प्रिय पालक,

या आठवड्यात आमचा भूगोलाचा धडा संपला. पाटीलसरांनी आफ्रिका एका तासात संपवली. मराठीत निबंध होता, मला दहात आठ मिळाले, दोन शुद्धलेखनाचे गेले. सानिका माझ्याशी बोलत नाही, कारण तुम्हाला ग्रुपवर कळणार नाही असं आहे, नंतर सांगेन. खो-खोत मी आता कॅप्टन आहे. हे बाबालाही माहीत नाही, तुला पहिल्यांदा सांगतेय.

फोटो नाहीत कारण शाळेत फोन नेत नाहीत. म्हणून कदमकाकांसारखे शब्दांत.

फोटो एक : मी शाळेच्या गेटपाशी उभी आहे. त्या दिवशीचा आहे. कोणी काढला नाही. ऊन आहे. वॉचमनकाकांनी मला त्यांचं स्टूल दिलंय पण मी बसले नाही, कारण बसलं की रस्ता दिसत नाही. मी रडत नाहीये. तोंडात शेंगदाणे आहेत.

फोटो दोन : तोच. फक्त मी थोडी रडतेय.

फोटो तीन : पाडव्याच्या दिवशी बाबाच्या फोनमध्ये तुझी गुढी मोठी करून बघतेय. पाखरं उलटी आहेत. चादर छान आहे.

पुढच्या आठवड्यात : परीक्षा.

घरी विचारायचा प्रश्न : हा तू लिही. बाबा म्हणाला तुझ्याकडे एक आहे."

परत परत वाचलं. भात लावला होता तो बंद करायला विसरले.

२८ मार्च, शनिवार

मंगळवारी मिस लिमना उत्तर द्यायचंय.

सकाळपासून प्रश्न लिहितेय. वर्गासाठी दर आठवड्याला बसल्या बसल्या लिहिते, आणि ही एक ओळ होत नाही. आधी शाळेचं वर्णन केलं, मोठं मैदान, पोहण्याचा तलाव. खोडलं. ती ओढणारी कारणं झाली. मग बाबा एकटा पडेल, खो-खो सुटेल, तेही लिहिलं. तेही खोडलं, ती तिला माझ्याहून जास्त माहीत आहेत.

शेवटी एवढंच ठेवलं :

"ईरा, तुला इथे माझ्याकडे राहायला यायचंय का? ऑगस्टपासून, आठवीला. नाही म्हणालीस तरी चालेल."

वाचून बघितलं. मग शेवटचं वाक्य काढून टाकलं आणि लिहिलं : "नाही म्हणालीस तर मला चालणार नाही. पण मी ऐकेन."

पाठवलं.

इथे सहा वाजलेत. तिथे साडेतीन, ती मैदानावर असेल, फोन शेखरच्या दवाखान्यात. अंधार पडायच्या आत घरी येते, हातपाय धुते, मग काय आलंय बघते. स्टँडवरचे कपडे वाळलेत, ते काढून ठेवते. चादरही काढली, गाठींच्या जागी चुरगळलीय. इस्त्री करून ठेवते.